धावजी नाईक आणि हातभर धुरा

“खेळून कोण शाहणं झालं?” धावजी नाईक हे दिवसातून दहादा म्हणत. म्हणणारच. ते स्वतः कधी खेळले नव्हते, म्हणून तर इतके शहाणे होते. आर्णीच्या अलीकडे त्यांचा तांडा. तिथं भांडण कोणाचंही असो, निवाडा नाईकांच्या तोंडून निघायचा. स्वतःचं एक भांडण मात्र त्यांनी जपून ठेवलं होतं. शेताच्या हातभर धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, धाकटा भाऊ पूनमसिंग त्यांना चारचौघांत वेडंवाकडं बोलला होता. तेव्हापासून अकरा वर्षं दोघं त्याच धुऱ्याच्या दोन बाजूंना तूर पेरत आणि एकमेकांकडे तोंड करून खोकतसुद्धा नसत. हे कामातून आलेलं शहाणपण.

नात अर्पिता तेवढी वाया गेली होती. शाळेतून आली की मोबाइलवर लढाईचा गेम, कानात वायर आणि कोणाला तरी हाका. शेवटी नाईकांनी नसाब बोलावली. नसाब म्हणजे तांड्याची न्यायाची बैठक. आरोपीचं तिथं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. लिंबाखाली सगळे जमले. पूनमसिंगही आला आणि नाईकांकडे पाठ करून बसला. अकरा वर्षांच्या सरावानं त्याला ते छान जमत होतं.

यातून शिकली काय, असं नाईकांनी विचारलं. अर्पितानं सांगितलं, की चौघांचा गट असतो. त्यातलं कोणी पडलं तर थोडाच वेळ मिळतो. तेवढ्यात धावत जाऊन त्याला उठवायचं, मग चूक त्याची का असेना.

“अन तुले कोण उठवते?” नाईकांनी चेष्टेनं विचारलं.

“दीपा.”

दीपा ही पूनमसिंगची नात, त्याच्याच मागं बसलेली. नाईक बाजेवर ताठ झाले.

“त्या घराशी बोलायचं नाही, सांगतलं होतं न?”

“मी पडली का तेच येते, दादा,” अर्पिता आजोबांना म्हणाली. “एक डाव माह्या चुकीनं ते हारली. दोन दिवस रुसली. तिसऱ्या दिवशी आमी नवा डाव मांडला. तुमचा त अकरा सालापासून तोच चालू हाये.”

बायांनी तोंडाला पदर लावले. पूनमसिंगलाही हसू आलं असावं, त्याचे खांदे हलले.

नाईकांनी पागोटं सारखं केलं. बंदी घालावी तर पोरींची जोडी तुटत होती. न घालावी तर आपल्या भांडणाचं काय, हे सगळ्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मग ते म्हणाले, “पूनम, दोरी घे. धुरा मोजू.”

अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य, तोही हुकूमच.

“दोरी तुमीच आना, भाऊ,” पूनमसिंग न वळता म्हणाला. “तुमची लांब हाये.”

गेमचा निकाल राहूनच गेला. नाईक उठले, धोतर झटकलं आणि दोरी न घेताच शेताच्या वाटेला लागले. वीस पावलांचं अंतर ठेवून पूनमसिंग मागं निघाला. फुललेल्या तुरीत दोन पागोटी एकामागं एक शिरली. अख्खा तांडा उभा राहून पाहत होता, आणि अर्पिता अन दीपा बाजेवर चढून.