शेवटच्या चरणाचा हुंकार

परवा नातीने मोबाईल पुढे धरला. "आजोबा, दवाखान्याला फीडबॅक द्यायचाय. किती तारे देऊ?"

"डॉक्टर नीट बोलले. दहा दे."

"पाचच्या वर नसतात हो!"

फीडबॅक हा शब्द मला प्रथम भेटला तो लातूर नव्याने जिल्हा झाले त्या दिवसांत. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंगही तेव्हा धड वाळला नव्हता. मी एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. आम्हा शिक्षकांचे प्रशिक्षण भरले. एकाने दहा मिनिटे पाठ घ्यावा, इतरांनी कागदावर त्याचे गुणदोष लिहावेत, आणि तो कागद ज्याचा त्याला परत द्यावा, अशी रीत होती. त्या कागदाला आम्हाला शिकवायला आलेले साहेब फीडबॅक म्हणत. हा शब्द मूळचा विजेच्या यंत्रांचा, असे त्यांनी समजावले. यंत्रातून जे बाहेर पडते त्यातले थोडे पुन्हा त्याच यंत्रात सोडायचे. माईक कर्ण्यासमोर नेला की जी शिट्टी वाजते, तीही त्यातलीच. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पंडितजी, याला आपला शब्द सांगा."

मी विचार करून म्हणालो, "प्रत्याभरण."

उर्दू शिकवणारे वयोवृद्ध सहकारी मोठ्याने हसले. "पंडितजी, ये लफ्ज तो पहले चबाना पडता!"

"मग तुमच्याकडे काय म्हणतात?"

"किस्सा सुननेवाला हुंकारा भरता. बस, वही."

उदगीरकडच्या एक शिक्षिका म्हणाल्या, "आमच्या माहेरी कानडीत त्याला हूंगुट्टू म्हणतात. आजी गोष्ट सांगायची, आम्ही हूं म्हणायचं. हूं थांबलं की गोष्ट थांबली."

सगळे आपापल्या घरचा हूं सांगू लागले. माझी लेखणी मात्र थांबली होती. मला नांदेड आठवले होते.

गोदावरीच्या काठी आमची लहानशी पाठशाळा होती. गुरुजी डोळे मिटून बसत, शिष्य पाठ म्हणे. चरण शुद्ध उतरला तर गुरुजी "हं" म्हणत. चुकला तर काहीच म्हणत नसत. मग त्याच चरणाच्या आरंभी परत जायचे, आपली चूक आपणच शोधायची. रागावणे नाही, शाबासकीही नाही. त्या एका "हं"साठी मी पहाटेपासून घोकत बसे.

दुष्काळाच्या वर्षी आमच्या माधुकरीच्या झोळ्या रिकाम्या परत येऊ लागल्या. ज्या घरांत रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची, मिलोची भाकरीही मोजून वाढली जात होती, त्यांच्या दारात उभे राहण्याची लाज वाटे. अखेर गुरुजींनी पाठशाळा बंद केली. निघण्याच्या दिवशी मी त्यांना अखेरचा पाठ म्हणून दाखवला. प्रत्येक चरणाला हुंकार मिळाला. शेवटच्या चरणाला मिळाला नाही. मी परत मागे गेलो. पुन्हा म्हटला. तिसऱ्यांदा म्हटला. गुरुजी डोळे उघडून म्हणाले, "ऊठ. गाडी चुकेल."

माझी चूक कोणती, ते विचारण्याचे धैर्य झाले नाही. पुढे शेकडो मुलांना शिकवले, पण तो शेवटचा चरण मी कोणालाही दिला नाही. जो आपलाच शुद्ध आहे की नाही ठाऊक नाही, तो द्यायचा कसा?

प्रशिक्षण संपल्यावरच्या रविवारी मी एसटीने नांदेडला गेलो. गुरुजी ओसरीवर बसले होते, पुष्कळ थकले होते. मी साष्टांग नमस्कार केला आणि पूर्वीच्या जागी हात जोडून बसलो. त्यांनी ओळखले, हाताने "म्हण" अशी खूण केली. मी आरंभ केला. पूर्वी ते डोळे मिटून ऐकत, आज माझ्या मुखाकडे टक लावून पाहत होते. हं. हं. प्रत्येक चरणाला. आणि शेवटच्याही चरणाला, "हं."

डोळ्यांत पाणी आले. पण मन अधीर, संशयी. त्याला तेवढ्यावर राहवेना. मी तो चरण पुन्हा म्हटला, आणि मधले एक पद जाणून चुकवले.

"हं," गुरुजी म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारात गुरुपत्नी उभ्या होत्या. आम्ही त्यांना माय म्हणत असू. त्यांनी कानाला हात लावून मान हलवली. "दोन वर्षं झाली, बाळा. काहीच ऐकू येत न्हाई त्यांना. कुणी समोर बसून ओठ हलवले की असं हं म्हणत राहतात. लई बरं वाटतं त्यांना. तू थांबू नको."

गुरुजी माझ्याकडे पाहत होते. मला स्वतःची अपार लाज वाटली. मी नियमाप्रमाणे चरणाच्या आरंभी परत गेलो आणि चुकवलेले पद नीट लावून म्हटले.

"हं," ते म्हणाले.

त्या दुष्काळातल्या दिवशी माझे खरोखर चुकले होते की त्यांचे मन दुसरीकडे होते, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. माझ्या प्रत्याभरणाचेही काही झाले नाही. लातुरात, उदगिरात, पार जंगलाकडच्या किनवटच्या वसतिगृहातसुद्धा सगळे फीडबॅकच म्हणतात, आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही.

सकाळी पूजेनंतर मी तो पाठ म्हणतो. शेवटचा चरण म्हणून झाला की थोडा थांबतो.

नात आतून विचारते, "विसरलात का, आजोबा?"

मी नाही म्हणतो, आणि तो चरण पुन्हा एकदा म्हणतो.