सुतळीत बांधलेले तक्ते

छापखान्यात नोकरी केलेला माणूस एक किस्सा सांगून कधी थांबत नाही. पहिला संपायच्या आत दुसरा आठवतो, आणि चहा तसाच निवतो! मी बुलढाण्याच्या एका प्रेसमध्ये प्रूफं तपासायचो. विदर्भ नुकताच नव्या महाराष्ट्रात आला होता, नवनव्या कचेऱ्या उघडत होत्या आणि प्रत्येक कचेरीला तक्ते हवे होते.

तक्ता जुळवणं म्हणजे डोकेदुखी. अक्षरांचे खिळे एकेक करून लावायचे, मधल्या रेघांसाठी पितळी पट्ट्या मापात कापायच्या. एक पट्टी केसभर कमी पडली की सगळा तक्ता डुगडुगलाच! आमचे मुख्य कंपोझिटर नामदेवभाऊ यांनी तोड काढली. छपाई झाली की तक्ता मोडायचा नाही. रेघा आणि मथळे तसेच सुतळीनं बांधून फळीवर ठेवायचे. पुढच्या वेळी फक्त नावं आणि आकडे बदलायचे. याला ते 'सांगाडा' म्हणत. छोटा सांगाडा मोठ्यात बसवून तिसराच तक्ता तयार करत.

मला ते मास्तर म्हणायचे. "मास्तर, एकदा घाम गाळला, तं तो धा डाव कामाले आला पायजे!"

बारा वर्षांची मेहनत त्या फळीवर होती.

* * *

खिळे उलटे वाचावे लागतात. नामदेवभाऊंना त्याची इतकी सवय, की हॉटेलात समोरचा माणूस टेबलावर पेपर पसरून वाचत असला की हे पलीकडून त्याच्या आधी वाचून मोकळे. एकदा एकाला म्हणाले, "पान पलटा ना भाऊ, कवाचा थांबून राह्यलो!"

त्या गृहस्थानं सौजन्यानं पेपर यांच्याकडे फिरवला.

"नोका फिरवू! सरळ वाचाले मले येळ लागते!"

* * *

दुसरबीडच्या एका हॉटेलवाल्यानं भिंतीवर लावायला मोटारींच्या वेळांचा तक्ता करून घेतला. गाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सगळं देखणं. महिन्याभरानं तो तावातावानं परत आला. "तुमचा तक्ता चुकला. एकबी गाडी त्याच्यापरमानं येत नाही!"

नामदेवभाऊंनी वाद घातला नाही. शेजारी एक मोकळा रकाना वाढवला आणि वर मथळा दिला: 'खरोखर आली'.

हॉटेलवाला खूश! गिऱ्हाईक तो रकाना भरायला बसायचं आणि दोन चहा जास्त प्यायचं.

* * *

एकदा नामदेवभाऊ रजेवर असताना मी शहाणपणा केला. एक सांगाडा दोन हातांनी उचलला आणि चार पावलांवर तो मधोमध फाकला. खिळे जमिनीवर! मला अक्षरशः रडू आलं.

दुसऱ्या दिवशी नामदेवभाऊंनी तो ढीग पाहिला. रागावले नाहीत.

"मास्तर, तुमच्या घरी तांदूळ कोन निवडते?"

"बायको."

"त्यायलेच पाठवा. तुमच्यानं नाही होनार!"

* * *

बैलबाजाराच्या दाखल्याचा एक सांगाडा होता. नाव, वय, रंग, शिंगे, दात. तोच घेऊन एका शाळेचा निकाल जुळवला. सगळे मथळे बदलले, एक राहिला. माझ्याही नजरेतून सुटला.

हेडमास्तर निकाल घेऊन मालकांसमोर उभे राहिले. "बापूसाहेब, एका पोराच्या नावापुढे शिंगे चाळीस आहेत. त्याचा बाप म्हनते, पोरगं वात्रट आहे, पन इतकं नाही!"

बापूसाहेब हसले नाहीत. "नामदेव, आता आनखी एक चूक झाली, का तुह्या साऱ्या सुतळ्या कापतो. खिळे पेटीत, अन् तक्ते पयल्यापासून!"

नामदेवभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत.

* * *

आणि चूक झाली, तीही बापूसाहेबांच्याच मुलीच्या लग्नपत्रिकेत!

निमंत्रकांची साठ नावं, तीन रकाने. नामदेवभाऊंनी मतदारयादीचा सांगाडा घेतला. नावांच्या क्रमावरून भाऊबंद रुसतात, म्हणून नावं मी चारदा वाचली. तळाची बारीक ओळ कोणीच वाचली नाही. पत्रिका गावोगाव पोचल्यावर ती बापूसाहेबांना दिसली:

'वरील यादीबाबत हरकत असल्यास आठ दिवसांत लेखी कळवावे.'

बापूसाहेब इतकंच म्हणाले, "मांडव निघू दे. मंग मीच कापतो."

आठ दिवस नामदेवभाऊ रोज फळीवरचे सांगाडे फडक्यानं पुसत होते. बघवत नव्हतं.

आठव्या दिवशी वडनेर भोलजीहून पत्र आलं, बापूसाहेबांच्या थोरल्या चुलतभावाचं. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणावरून दोघांचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं. रीत म्हणून त्यांचं नाव यादीत घातलं होतं, पण शेवटी. बापूसाहेबांनी आमच्यासमोरच पत्र मोठ्यानं वाचलं.

"तुमच्या सूचनेनुसार मुदतीत हरकत नोंदवतो. मी थोरला असून माझे नाव धाकट्यांच्या खाली आहे. दुरुस्ती केल्यास सहकुटुंब येईन. इतक्या वर्षांत कोणी विचारले तरी."

बापूसाहेबांनी पत्राची घडी केली, परत उघडली. चष्मा काढून पुसला.

"नामदेव, दादाचं नाव सगळ्यात वर घे. पत्रिका नव्यानं छापू."

"हाव मालक." नामदेवभाऊ घुटमळले. "आन ते खालची ओळ?"

"तिले हात नोको लावू!"