जानकीमावशीच्या चार चुली

जानकीमावशी म्हणजे माझ्या आईची मावशी. घरात तिच्याबद्दल दोनच गोष्टी सांगत: ती हट्टी होती, आणि तिने एका पावसाळ्यात जातीबाहेर पथारी टाकली. दोन्ही खऱ्या. पण का, हे कोणी धड सांगत नसे. आवाज खाली करून विषय बदलत. मला तसलं लपवाछपवीचं बोलणं खपत नाही, म्हणून सरळ लिहिते.

गोष्ट १९१४ सालची. जव्हारच्या बाजाराच्या टोकाला मावशीच्या नवऱ्याने चार खोल्यांची बैठी चाळ बांधली होती. कारवीच्या काठ्यांच्या भिंती, बांबूचे वासे, वर गवताचं छप्पर. तो तापाने गेला आणि बत्तिसाव्या वर्षी मावशी मालकीण झाली. पहिल्या खोलीत ती स्वतः. दुसरीत दरबारच्या कचेरीतला कारकून भास्कर, त्याची बायको प्रेमला आणि तान्हं मूल. तिसरीत एक अबोल शिंपी. शेवटच्या खोलीत दाभोशाच्या आदिवासी पाड्यावरची फागी आणि तिचा नवरा माघ्या. माघ्या संस्थानच्या घोड्यांसाठी गवत कापायचा. या दोघांनी भाडं म्हणून दर उन्हाळ्यात सगळ्या चाळीला पुरेल इतकं गवत आणायचं आणि छप्पर शाकारून द्यायचं, असं मावशीच्या नवऱ्याने तोंडी ठरवून दिलं होतं.

तेराव्याचं जेवण उरकताच दीर गोवर्धन म्हणाला, "वहिनी, भाडेकरू सांभाळणं बाईमाणसाचं काम नव्हे. दसऱ्यापर्यंत बघतो. एक खोली जरी रिकामी पडली, तरी किल्ल्या माझ्याकडे द्यायच्या."

"बघा," मावशी म्हणाली. तिला दुसरं काय उत्पन्न होतं? किल्ल्या गेल्या असत्या तर दिराच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर भांडी घासावी लागली असती.

त्याच वर्षी शिमग्यात बाजारात ठिणगी उडून एक छप्पर जळालं. मावशी घाबरली आणि तिने हुकूम काढला: खोल्यांतल्या चुली बंद. मागच्या परसात तिने पडवी उभारली आणि सगळ्यांनी तिथेच रांधायचं असं ठरवून दिलं. प्रेमलाचे डोळे धुराने चुरचुरत, ती खूश झाली. शिंप्याने मान हलवली. फागी तेवढी वर बघत म्हणाली, "बाय, धुराबिगर छप्पर राहंल का?"

"तुला परसात यायचा कंटाळा, दुसरं काय!" मावशीने तिला गप्प केलं. नव्या मालकाला आपला पहिला हुकूम फार प्यारा असतो. मावशीही त्याला अपवाद नव्हती.

श्रावणात भास्करने ताट आणून तिच्यापुढे धरलं. "वहिनी, भातावर हे पिवळं पीठ कसलं? आम्ही तर नाही पेरलं."

मावशीने खोली झाडून घेतली. दोन दिवसांनी पुन्हा पीठ पडलं. भाद्रपदात वरचा वासा मोडला आणि ओलं, कुजकं गवत थेट पाळण्यात कोसळलं. मूल प्रेमलाच्या मांडीवर होतं म्हणून वाचलं.

"महिना भरला की आम्ही जातो," भास्कर म्हणाला.

गोवर्धनला बातमी कळायला वेळ लागला नाही. दुपारीच येऊन तो अंगणात उभा राहिला. "आणि त्या शेवटच्या छपरातून धूर निघतोय, तो दिसतो का? तुमचा शब्द ती फागीसुद्धा पाळत नाही."

मावशीने पाहिलं. खरंच धूर निघत होता. ती पदर खोचून फागीच्या दारात गेली.

"फागे, आजच्या आज खोली रिकामी कर!"

फागी नागलीची भाकरी थापत होती. उठलीही नाही. "करंन. पहिलं वर बघ, बाय."

मावशीने वर पाहिलं. वासे काळेकुळकुळीत, तेल लावल्यासारखे चकचकीत होते. तिने चुलीजवळचं लाकूड घेऊन एक वासा ठोकला. टणक होता. पिठाचा कणही पडला नाही. गवत कोरडं होतं.

"धूर लागंल तं भुंगा बांबूत शिरत नाय, पीठ पाडत नाय," फागी म्हणाली. "गवतही सुकत जातं. आमचे घरात चूल मधीच राहती, ती काय उगी? तुला सांगत होती. तू ऐकंल तव्हा! मंग मी रातचे आतच चूल पेटवत होती."

इथे दुसरी कोणी असती तर फागीला उद्धटपणाबद्दल काढलं असतं आणि भास्करला नशिबाच्या गोष्टी सांगितल्या असत्या. मावशी तडक अंगणात आली. दीर उभा होता, शिंपीही दारात आला होता.

"भास्करराव, तुमचं छप्पर माझ्या हुकमाने कुजलं. फागी सांगत होती, मी ऐकलं नाही. तुम्ही माझ्या खोलीत राहायला या. माझ्या छपराला मोठे वासे आहेत, ते अजून धरून आहेत."

"आणि तुम्ही?" प्रेमलाने विचारलं.

"मी फागीकडे."

गोवर्धन वाटेत आडवा आला. "वहिनी, लोक काय म्हणतील!"

"लोकांच्या छपराखाली नाही ना राहत मी, भावजी."

फागी आतून ओरडली, "ये, पण भाकरी तूच भाज. माझी तुला जाड लागंल!"

माघ्याने मोडक्या छपराला टेकू दिले आणि वर सागाची पानं अंथरली. पावसात तोडलेला बांबू लगेच किडतो, म्हणून नवे वासे दिवाळीनंतरच घालायचे, असं त्याने बजावलं. या वेळी मावशीने वाद घातला नाही. तिने चारही चुली आत घेतल्या, फक्त प्रत्येकीभोवती मातीचा हातभर उंच कठडा घातला आणि शेजारी पाण्याचा माठ ठेवला. आगीची भीती काही खोटी नव्हती. प्रेमला डोळे पुसत कुरकुरली, मग नवऱ्याला म्हणाली, "स्वतःची खोली देणारी मालकीण सोडून जायचं कुठे?" भास्करने सामान बांधलंच नाही.

महिनाभर, पाऊस ओसरून भास्कर आपल्या खोलीत परतेपर्यंत, मावशी फागीच्या चुलीजवळ निजली. जातवाल्यांनी वर्षभर तिला सत्यनारायणाच्या प्रसादालाच काय, भजनालाही बोलावलं नाही. तिला वाईट वाटलं असेल. तसं तिने कधी म्हटलं नाही.

दसऱ्याला गोवर्धन आपट्याची पानं घेऊन आला. चारही छपरांतून धूर वर चढत होता. तो खोकत दारात उभा राहिला.

"एकही रिकामी नाही?"

"नाही," मावशी म्हणाली. कमरेच्या किल्ल्या तिने जागच्या हलवल्यासुद्धा नाहीत. "आत या, भावजी. डोळे चुरचुरतील थोडे. फागीने भाकरी केली आहे. जाड आहे, पण खा."