मिस वर्नेलच्या घरची मागची खोली

न्हाव्यांच्या दुकानांना केसांचं मलम विकत मी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यभर गाडी हाकायचो. बेलफोर्डला पोचलो की मुक्काम ठरलेला: मिस वर्नेल टॉलिव्हरच्या घरची मागची खोली. दुसरीकडे जाणार कुठे? गावातलं एकुलतं एक हॉटेल गोऱ्यांचं. आम्हा काळ्यांना तिथे प्रवेश होता तो चादरी धुवायला.

मिस वर्नेल विधवा, जिभेची तिखट. "आलास? बूट पूस आधी. सगळ्या जॉर्जियाची माती माझ्याच घरात आणतोस!" सकाळी निघताना मात्र हातात बुटांचा जुना खोका द्यायची. आत तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, केकचा तुकडा. वाटेतली कुठलीच खानावळ आम्हाला बसू देत नसे, म्हणून आम्ही सगळेच असे खोके घेऊन फिरायचो.

एकोणीसशे त्रेसष्ट साली बेलफोर्डच्या काळ्यांच्या चर्चची मंडळी निषेध म्हणून त्या हॉटेलच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. सगळ्यात पुढे रविवारची जांभळी हॅट घातलेली मिस वर्नेल. अकरा दिवस तुरुंगात काढले तिने. पुढच्या वर्षी हा भेदभाव बंद करणारा कायदा झाला आणि हॉटेलचं दार आम्हाला उघडलं.

आणि मी, नालायक, ऑगस्टमध्ये त्याच दारातून आत गेलो. एकदाच, बघायला म्हणून. गारेगार खोली, पोहायचा तलाव. मग ते 'एकदाच' दर महिन्याला होऊ लागलं. बाकीचे फिरस्तेही तेच करत होते. मिस वर्नेलच्या गल्लीतून जायचं मी टाळू लागलो.

फेब्रुवारीत एका सकाळी हॉटेलात नाश्ता करत होतो. समोर जांभळी हॅट. ती सरळ माझ्या टेबलाशी येऊन बसली.

"काल बाहेर तुझी गाडी दिसली," म्हणत तिने कॉफी मागवली. मी खाली बघत अंडी चिवडत राहिलो. "मान वर कर. तू इथे बसावं म्हणूनच जेलमध्ये गेले होते मी."

मग कॉफी ढवळत म्हणाली, "मागच्या खोलीतली चादर अजून बदलते दर आठवड्याला. सहा महिन्यांत कुणी फिरकलं नाही. घर खायला उठतं रे."

तिने हॉटेलभर नजर फिरवली.

"यांचा पलंग बरा आहे का?"

"बरा आहे."

"मेल्या, निदान खोटं तरी बोलायचंस."

कॉफी अर्धी टाकून ती निघून गेली. तिच्या खुर्चीवर बुटांचा खोका होता.

आता रस्त्यावरची प्रत्येक खानावळ मला खुली होती. तरी दुपारी मी गाडी कडेला लावली आणि आतच बसून ती कोंबडी खाल्ली, रडत रडत.