कापून पाहणाऱ्या मोनिकाबाई

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या सकाळी दत्ताभाऊने व्हॅनमधून मुलं उतरवली आणि तो सरळ माझ्याजवळ आला. "सर, बाई गेल्या." कुठल्या बाई, हे मला क्षणभर कळेना. "पार्टवाल्या बाई. झोपेतच गेल्या. तुम्ही गावाला, फोन लागेना… शवपेटीला खांदा द्यायला मी होतो." मुलं वर्गात गेली तरी आम्ही दोघं फाटकाशी उभेच. याच दत्ताभाऊने एकदा मोनिकाबाईंच्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही असं भर रस्त्यात ओरडून सांगितलं होतं, आणि त्या भांडणात माझाही हात होता.

मोनिकाबाईंचं गाड्यांच्या सुट्या पार्टचं दुकान सातिवलीच्या रस्त्यावर होतं, गोदामांच्या रांगेत. मी विरारच्या शाळेत विज्ञान शिकवतो, राहतो फुलपाड्याला. जुनी गाडी घेतली तेव्हा प्रत्येक स्पीडब्रेकरवर पुढच्या डाव्या चाकाखाली खट् असा आवाज यायचा. मेकॅनिक म्हणाला, लोअर आर्म बदला. म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा लोखंडी हात. मोनिकाबाईंनी दोन आर्म काउंटरवर ठेवले आणि भाव सांगायच्या आधी गाडी रोज कुठून कुठे जाते ते विचारलं. मग आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा, माझ्या हातात दिला. "फिरवून बघा, सर. सैल फिरला तर घेऊ नका. मध्येच अडकला तरी नको. घट्ट, पण एकसारखा फिरला पाहिजे." आर्म सांगाड्याला जिथे जोडतात तिथल्या रबराच्या बुशावर नख दाबायला लावलं, जॉइंटवरच्या टोपणाची कड डोळ्यांजवळ धरायला लावली. निघताना म्हणाल्या, "मेकॅनिकला सांगा, गाडी जॅकवर असताना बुशाचे बोल्ट पूर्ण आवळू नको. चाकं जमिनीवर टेकू दे, गाडीचं वजन येऊ दे, मग शेवटचं आवळ." मी विचारलं, "का?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "हे कोणी विचारतच नाही!" आणि गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना त्यांनी मला समजावलं, की वजनाखाली रबर ज्या जागी बसतं तिथे आवळलं नाही, तर ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. वीस वर्षं मी फळ्यावर बलाचे बाण काढत होतो. हे मला ठाऊक नव्हतं.

त्यांनाही एके काळी काहीच ठाऊक नव्हतं. वसईच्या वाडीतलं घर, केळी, पानवेली, चर्चचं गायनमंडळ, एवढंच त्यांचं जग. दुकान नवऱ्याचं. तो आजारात गेला आणि बाई काउंटरवर बसल्या. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी दोन पार्ट पुढे करून विचारलं, यातला चांगला कुठला? बाईंनी जास्त चमकणारा दिला. काही महिन्यांनी तो माणूस रबर फाटलेला तोच पार्ट घेऊन परत आला. तो भांडला असता तर बरं झालं असतं, असं त्या म्हणायच्या. तो नुसता म्हणाला, "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं होतं." बाईंनी तो जुना पार्ट ठेवून घेतला, व्हाइसच्या शिकंज्यात धरला आणि करवतीने उभा कापला. आत काय असतं ते त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढे गिऱ्हाइकांकडून बदललेला जुना पार्ट मागून घ्यायची सवयच लागली. मीही अधूनमधून काही काम नसताना तिथे जाऊन बसायचो. बायको हसायची, "गाडी ठीक आहे ना? मग सातिवलीला कशाला?"

आता ते भांडण. दत्ताभाऊच्या व्हॅनचा बॉल जॉइंट झिजला होता आणि त्याला त्याच दिवशी आर्म हवा होता. बाईंकडे नव्या पुरवठादाराचं एक साधं खोकं होतं. त्यांनी आतला पार्ट फिरवून पाहिला आणि खोकं बंद केलं. "हा मी देणार नाही. उद्या चांगला आणते." दत्ताभाऊ चिडला. "मॅडम, मला क्लास नको, पार्ट द्या!" तो पुढच्या दुकानात गेला आणि तसंच खोकं हातात घेऊन बाईंसमोरून निघून गेला. बाईंनी मला फोन लावला. "सर, त्या व्हॅनमध्ये तुमच्या शाळेची मुलं असतात. तो जॉइंट सुटला तर चाक आडवं पडेल." शाळा सुटताना दत्ताभाऊ तोच पार्ट बसवून आला, तेव्हा मी व्हॅन अडवली. पालकांना बोलावून मुलं त्यांच्या हाती दिली. दत्ताभाऊची सगळ्यांसमोर नाचक्की झाली. तो तडक सातिवलीला गेला आणि तिथे रस्त्यावर उभा राहून ओरडला.

दुसऱ्या दिवशी मी दत्ताभाऊला समजावून परत तिथे नेलं. बाईंनी खात्रीचे दोन आर्म आणून व्हॅनला बसवून दिले आणि त्याने आदल्या दिवशी बसवलेला पार्ट आमच्यासमोर कापला. आत गोळा गुळगुळीत, वाटी घट्ट बसलेली, ग्रीस भरपूर… बाईंनी गोळ्यावरून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, "हा चांगला होता. चूक माझी, भाऊ. मी खोक्यावरून ठरवलं." त्यांनी आपल्या खोक्यातलाही कापला. तो खरंच वाईट निघाला. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. संध्याकाळी स्कूटरवरून शाळेच्या फाटकाशी आल्या आणि एकेका आईला, बापाला थांबवून सांगितलं, "दत्ताभाऊंच्या गाडीत खोट नव्हती. माझा अंदाज चुकला." मी बाजूला उभा होतो. फोन आला त्या दिवशी बाईंना "तुम्हाला कसं कळलं?" हे मी विचारलं नव्हतं. मग मीही त्याची माफी मागितली. दत्ताभाऊ मान खाली घालून म्हणाला, "जाऊ द्या आता."

बाईंना जाऊन महिना झाला, तेव्हा चर्चमधल्या मिस्सेला, त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेला, आम्ही दोघं गेलो. नंतर त्यांची मुलगी अनिता आम्हाला दुकानाच्या मागच्या खोलीत घेऊन गेली. ती खोली मी कधी पाहिली नव्हती. भिंतभर फळ्या, त्यांवर कापलेले पार्ट, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. 'मालाची गाडी, नायगाव. एक पावसाळा टिकला. रबर कच्चं.' दत्ताभाऊच्या पार्टवर लिहिलं होतं, 'चांगला होता. मी चुकले.' तो त्याने हातात घेतला आणि खूप वेळ खाली ठेवला नाही. खालच्या फळीवर, बहुधा सुरुवातीच्या वर्षांतला, बॉल जॉइंटचा एक तुटका दांडा होता. चिठ्ठीवर एवढंच, 'का तुटला? कळलं नाही.' तो मी अनिताकडून मागून घेतला.

आता तो प्रयोगशाळेच्या टेबलावर असतो. परवा आठवीतल्या एका मुलीने चिठ्ठी वाचून तो खिडकीशी नेला. "सर, तुटलेली जागा अर्धी गंजलेली आहे, अर्धी चकचकीत. म्हणजे हा अर्धा आधीच तुटला होता का?" आठवडाभर माझ्यासमोर असून ते मला दिसलं नव्हतं. चिठ्ठीची मागची बाजू कोरी होती. मी खिशातलं पेन काढून तिला दिलं.