दादाचं हरवलेलं विमान

दादाने आयुष्यात इकडची काडी तिकडे केली ती फक्त बाल्साची, असं धाकटी म्हणायची. बाल्सा म्हणजे पिसासारखं हलकं लाकूड. त्याच्या काड्या पात्याने कापायच्या, सांगाडा जोडायचा, वर पातळ टिश्यू कागद ताणून बसवायचा आणि झालं विमान. तेही आजकालचं नाही. आजोबांच्या तरुणपणी कुणीतरी काढलेल्या नकाशांवरूनच दादा विमानं बांधायचा. त्यांना रिमोट नाही, इंजिन नाही. पोटातल्या रबराला पीळ भरायचा, पंखा सोडायचा आणि वर बघत बसायचं. एकदा हातातून सुटलं की त्याचं ते. धाकटीच्या मते दादाला हा छंद म्हणूनच मानवला. गोष्टी हातातून सोडून द्यायची त्याला लहानपणापासून सवय होती.

ती इस्पितळात एक्स-रे काढायची. दिवसभर उभं राहून घरी आली की जेवणाच्या टेबलावर टाचण्यांनी ठोकलेला पंख तिची वाट बघत असायचा. वाळतोय, हात लावू नको. वॉर्निशचा वास जेवणात उतरायचा. आई शेवटची काही वर्षं मांडीवर ताट घेऊन जेवली आणि वर शेजारणीला सांगत राहिली, आमचा थोरला कलाकार आहे. वहिनी दीड वर्ष टिकली. जाताना ती भांडली नाही की रडली नाही. टेबलावरच्या सगळ्या टाचण्या उपटून तिने एका वाटीत भरून ठेवल्या आणि बॅग उचलली. त्या घरात धाकटीला आदर वाटला तो तेवढ्या एका बाईबद्दल.

आईच्या मागे ती दोघंच उरली. मग दादाचा गुडघा धरला आणि विमानवाल्यांच्या त्या वर्षीच्या मेळाव्याला, विमान धरायला म्हणून, धाकटीला जावं लागलं.

गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर पाच-सहा म्हातारे टोप्या घालून जमले होते. गवताची पाती हवेत सोडून वारा बघत होते आणि असे गंभीर चेहरे करून बोलत होते, जणू यांच्यावाचून आभाळ खाली येणार होतं. त्यातल्या एकालाही घरी चहाचा कप विसळायला सांगितला असता तर हात थरथरले असते. कुणाचं विमान किती वेळ हवेत टिकतं ते मोजायला दादाचा जुना मित्र चष्मेवाला होता. त्याचं चष्म्याचं दुकान हाच या मंडळींचा अड्डा.

धाकटीने विमान धरलं आणि दादाने हँडल फिरवून रबराला पीळ भरला. या विमानांच्या शेपटीला एक वात असते. ती जळत जाऊन दोरा तोडते, शेपटी वर उचलली जाते आणि विमान अलगद खाली उतरतं. वात पेटवली नाही तर गरम हवेच्या झोतात सापडलेलं विमान कुठल्या कुठे निघून जातं. हे सगळं दादानेच बसमध्ये तिचं डोकं खाऊन सांगितलं होतं.

"दादा, वात पेटवायची राहिली," ती म्हणाली.

"गप्प राहा," तो ओठ न हलवता म्हणाला, आणि त्याने विमान सोडलं.

ते चढत गेलं. घिरट्या घेत बारीक बारीक होत गेलं, आणि चष्मेवाल्याने दुर्बीण खाली करून मान हलवली. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. दादा कपाळाला हात लावून म्हणाला, "वात विसरलो रे." आवाजात कापरं आणायलाही तो विसरला नाही. सगळे त्याच्या पाठीवर थोपटत होते आणि धाकटी उन्हात उभी राहून हे नाटक बघत होती. घरच्या कामात इतकी अक्कल चालवली असती तर आईला टेबल मिळालं असतं, असं तिला वाटून गेलं.

त्या दिवसापासून दादाला भाव आला. विमान ढगात शिरलं, मग डोंगरापलीकडे गेलं, मग पुढच्या जिल्ह्यात. दर रविवारी चष्मेवाल्याच्या दुकानात ते आणखी थोडं लांब जायचं.

पावसाळ्याच्या तोंडाशी घरी फोन आला. एका पोल्ट्रीचा राखणदार बोलत होता. छपरावर खेळण्यातलं विमान सापडलंय, पंखावर हा नंबर चिकटवलाय, नेताय की चुलीत घालू? धाकटीने पत्ता विचारला. धावपट्टीच्या कडेला झाडांची रांग होती, तिच्या लगेच मागे ती पोल्ट्री. ढग नाही, डोंगर नाही. ते म्हातारे दुर्बीण ठेवून चार पावलं चालले असते तरी दिसलं असतं.

रविवारी ती ते घेऊन थेट दुकानात गेली. दादा हात पसरून गोष्ट सांगत होता. तिने कोंबड्यांच्या विष्ठेने माखलेलं विमान काउंटरवर, चष्म्यांच्या फ्रेमांमध्ये ठेवलं.

"झाडांमागे होतं," ती म्हणाली. "पोल्ट्रीच्या छपरावर."

दादाने ते उचललं नाही. नाकाजवळ रुमाल धरून वाकून पाहिलं आणि म्हणाला, "हे माझं नव्हे."

धाकटीने पंख फिरवून नंबर चष्मेवाल्यापुढे धरला. नंबर ठळक होता, दादाच्याच वळणाचा. चष्मेवाल्याने चष्मा कपाळावर चढवला, परत डोळ्यांवर घेतला.

"पुसट झालंय," तो म्हणाला. "वाचता येत नाही."

बाकीचेही एकेक करून वाकले आणि एकेक करून आंधळे झाले. धाकटी कुणाशीच भांडली नाही. आयुष्यभर जगाची हाडं बघत आली होती ती; या मंडळींच्या पाठीत कणा नाही हे कळायला तिला यंत्राची गरज नव्हती. विमान तिथेच ठेवून ती घरी आली. रात्री दादा जेवला आणि ताट तसंच टाकून उठला.

चष्मेवाल्याने ते पुसून, कागद बदलून दुकानाच्या काचेत टांगलं. अजून आहे. महिन्यातून एकदा दादाला गुडघा दाखवायला धाकटी त्याच रस्त्याने नेते. प्रत्येक वेळी तो काचेपाशी थांबतो, मागे हात बांधतो आणि बारकाईने बघतो.

"कुणी बांधलंय कोण जाणे," परवा तो म्हणाला, "पण हात सुबक आहे."

धाकटी तोवर रस्ता ओलांडून पलीकडे पोचली होती.