देवाच्या आधीचा घास

देवावर जळणारी बाई कुणी पाहिली आहे का? मी जळले. चांगली वर्षभर जळले, आणि तेही बोटभर उंचीच्या पितळी बाळकृष्णावर.

आई पंचवटीतल्या आमच्या घरातून दोनदा एकटीच बाहेर पडली आणि भाजीबाजाराच्या गर्दीत हरवली. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. शेवटी काळजावर दगड ठेवून मी तिला गंगापूर रोडच्या बाजूला एका बंगल्यात ठेवलं. अशाच विसरभोळ्या झालेल्या सात-आठ म्हाताऱ्या माणसांचं ते घर. तिथे स्वयंपाकघरात बसून मेथी निवडता येते, अंगणात तुळशीला पाणी घालता येतं. आईला करमावं म्हणून सोबत देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि त्याची नैवेद्याची वाटी दिली. करमलं हो, छानच करमलं! हळूहळू ती माझं नाव विसरली, मी तिची एकुलती एक लेक आहे हेही विसरली. मला म्हणायची, "या बाई, बसा." आणि त्याला? "उठलास का रे माझ्या राजा? थंडी वाजतेय का?" मी समोर बसलेली असायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नऊ महिने पोटात मी होते की तो?

मी घरी उरलेल्या देवांची पूजाही बंद केली. म्हटलं, तिथे त्याची होतेय ना भरपूर! पण लेकीचं मन मेलं गप्प बसेना. एका बुधवारी आईच्या खोलीत त्याच्याच पुढे हात जोडून बोलले, "आई मला ओळखेपर्यंत दर बुधवारी तुझ्यासमोर येईन, आणि त्या दिवशी पाण्याचा थेंबसुद्धा घेणार नाही." नवस कसला, धमकीच ती. तो हातात लोण्याचा गोळा धरून आपला रांगत राहिला. बुधवारमागून बुधवार गेले. आई मला अहो-जाहोच करत राहिली. मार्गशीर्षातल्या एका बुधवारी मी घरातून निघतानाच ठरवलं, हा शेवटचा. आज ओळखलं नाही तर पुन्हा यायचं नाही. तिला तरी कुठे कळणार आहे?

दार हौसाबाईंनी उघडलं. त्या हरसूलच्या, आईचं सगळं त्याच बघतात. "ताई, आजी आज लय खुशीत हायेत. देवाची आंघोळ झाली, आता निवेद चाललाय," म्हणाल्या. माझ्या कपाळावर आठी. आई पाटावर बसली होती, वाटीत लोणी-साखर. लहानपणी याच वाटीत नैवेद्याआधी बोट घातलं म्हणून तिनं मला सणसणीत फटका दिला होता. देवाच्या आधी कुणी काही तोंडात घालायचं नाही, अगदी तापातल्या लेकरानंसुद्धा नाही, असा तिचा कडक कायदा.

मी खुर्चीत टेकले. उपासानं डोळ्यांपुढे अंधारी आली होती. आईचा हात बाळकृष्णाकडे जाता जाता थांबला. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग उठली, गुडघे धरत माझ्यापाशी आली आणि लोण्याचं बोट माझ्या ओठांशी धरलं.

"आ कर. तोंड बघ कसं सुकलंय."

"अगं, देवाला आधी..." मी कशीबशी म्हणाले.

"त्याला काय धाड भरलीय? थांबेल तो. तू खा आधी." मग अगदी सहज विचारलं, "कुणाची गं तू?"

ओळखलं नव्हतं. तोंड उघडलं तर नवस मोडणार होता. मी उघडलं. लोणी जिभेवर विरघळलं आणि मी त्या खुर्चीत ढसाढसा रडले. आई माझे डोळे पदरानं पुसून पाटाकडे वळली आणि त्याला म्हणाली, "उशीर झाला हं राजा. एक लेकरू उपाशी होतं."

तिनं मला ओळखावं असा हट्ट मी धरला होता. न ओळखताच तिनं माझी भूक ओळखली, आणि ज्याच्यावर मी जळत होते तो आपला घास सोडून मुकाट थांबला. याहून जास्त मी कुणाकडे काय मागू? त्या दिवसापासून मागणं सोडलं. घरची पूजा पुन्हा सुरू केली.

बुधवारी मी अजूनही उपाशीच जाते, पण नवसासाठी नाही. कधी पहिला घास मला मिळतो, कधी त्याला. त्याला मिळाला की पोटात जरासं दुखतं अजून. मग मी त्याला म्हणते, "घे बाबा, आज तुझा नंबर." आणि वाटीकडे डोळे लावून बसते.